दातांच्या डॉक्टरांची बंद गाडी

पूल ओलांडून पाऊण तास झाला, तरी भंगाराचं कुंपण दिसेना आणि वन्सं थांबायचं नाव घेईनात. पाण्याचे पाइप टाकायला रस्ता उभाच्या उभा खणून ठेवलेला. एका बाजूला मातीचा ढीग, दुसऱ्या बाजूला चर आणि मधल्या हातभर वाटेवरून पुढे वन्सं, मागे वहिनी. बस पुलापाशीच माघारी फिरत होती, आणि भाड्याच्या गाडीवाल्याने तर रस्ता बघूनच मान हलवली होती. म्हणून हे चालणं.

"वन्सं, जरा दम खाऊ द्या की. पायात गोळे आले माझ्या."

"सहाला गॅरेजचं शटर पडतं, वहिनी. आत्ता दीड वाजलाय. तू बस त्या पाइपावर. येताना तुला उचलून नेते."

"मला उचलायला क्रेन लागेल."

"आहे गॅरेजात, उस्तादांकडे. सांगते त्यांना."

वहिनी हसली आणि पुन्हा चालू लागली. बसून राहिली असती तर वन्सं खरोखरच पुढे गेल्या असत्या, हे तिला ठाऊक होतं.

वन्संच्या मुठीत रुमाल होता आणि रुमालात अंगठ्याएवढा काळा तुकडा, डोक्यावर पितळेची पट्टी असलेला. त्याला रोटर म्हणतात हे वहिनीला आज सकाळीच कळलं होतं. इंजिनात चार प्लग असतात, चौघांना आपापल्या पाळीला ठिणगी मिळावी लागते आणि ती वाटायचं काम एका टोपीखाली गरगर फिरणारा हा तुकडा करतो. "आई चार पोरांना एकेक घास भरवते ना, तसा," वन्संनी समजावलं होतं. वहिनीला ते चटकन पटलं. मनात म्हणाली, मग आई नीट नसली तर पोरं उपाशीच.

वन्सं म्हणजे वहिनीची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. वय एक्कावन्न. लग्न केलं नाही, भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या. आयुष्याची बावीस वर्षं त्यांनी मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभ्याने काढली. त्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण होते. कुठल्या खणात काय आहे, हे वन्संना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. गिऱ्हाईक दारातून आत शिरताना गाडीचं नाव घ्यायचं आणि काउंटरपाशी पोचेपर्यंत खोकं पुढ्यात. मागे वळून बघायचंसुद्धा नाही. नजर गिऱ्हाइकावर, हात मागे खणात. मिस्त्री लोक त्यांना नंबरबाई म्हणायचे आणि त्या ते कौतुक म्हणूनच घ्यायच्या.

बॉनेट मात्र बावीस वर्षांत त्यांनी एकदाही उघडलेलं नव्हतं.

"तरी मला सगळं माहीत आहे," चालता चालता वन्सं म्हणाल्या. "मिस्त्री जुना भाग काउंटरवर आणून टाकतो ना, 'ह्याच्यासारखा द्या' म्हणून? तो जुना भागच सांगतो काय झालंय ते. जळालाय, झिजलाय की चिरलाय. आणि निम्मे तर धडधाकट असायचे, वहिनी! गाडी सुरू होत नाही म्हटलं की बदल बॅटरी. नाही झाली? बदल प्लग. मग कॉइल, मग पंप. शोधत बसायचं कुणी?"

"मग तुम्ही सांगत नव्हतात त्यांना?"

"सांगायचे. ते म्हणायचे, नंबरबाई, तुम्ही नंबर सांगा."

अडीच महिन्यांपूर्वी दुकानाचे म्हातारे मालक घरी बसले आणि त्यांचा पुतण्या गल्ल्यावर आला. त्याने पहिल्याच आठवड्यात संगणक आणला, दुसऱ्यात खणांची उलथापालथ केली आणि पंधरवडा संपता संपता वन्संना हार घालून निरोप दिला. यंत्राला सगळे नंबर पाठ असल्यावर पाठ असलेली बाई कशाला हवी? निरोपाच्या दिवशी वन्सं हसतमुखाने घरी आल्या, हार दाराच्या कडीला अडकवला आणि मागच्या खोलीत जाऊन झोपून राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घर आवरायला काढलं. तीन आठवड्यांत त्यांनी स्वयंपाकघर तीनदा लावलं. पिठाच्या डब्यालासुद्धा त्यांनी मनातल्या मनात नंबर दिला असणार, असं वहिनीला वाटायचं, कारण मिठाची बरणी इंचभर सरकली तरी मागून आवाज यायचा, "वहिनी, ती तिथली नाही."

मग एके दिवशी जेवताना वन्सं म्हणाल्या, "दादा, मी उस्तादांच्या गॅरेजात कामाला जाणार."

दादांना हसता हसता ठसका लागला. "काय काम करणार? गाड्यांना नंबर देणार?"

"गाडी का बंद पडली ते शोधणार. दुरुस्त करायला तिथे माणसं आहेत. शोधायला कुणी नाही."

वहिनी हसली नव्हती. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला, एवढंच. पण नणंदेचा चेहरा तिने नीट बघून घेतला. त्या चेहऱ्यावर 'बघू, जमलं तर' असलं काही नव्हतं.

उस्ताद साठीचा माणूस. बोलणं थोडं, तेही भुवयांनी. गॅरेजच्या कोपऱ्यात दोन महिने धूळ खात उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीकडे त्याने बोट दाखवलं. दातांच्या डॉक्टरांची गाडी. सेल्फ मारला की खर्रखर्र फिरते, पण पकडत नाही. गॅरेजातल्या लांबू मिस्त्रीने बॅटरी बदलली, प्लग बदलले, रोटर आणि वरची टोपी बदलली, कॉइल बदलली, पंप बदलला. शेवटी उस्तादाने डॉक्टरांना सांगून टाकलं की आतली सगळी वायरिंग सडलीय, या गाडीत आता जीव नाही. सोमवारी ती भंगारात जाणार होती.

"शनिवारी ये," उस्ताद म्हणाला होता. "सहाला शटर. तोवर चालू झाली, तर सोमवारपासून कामाला ये. नाही झाली, तर हा विषय माझ्याकडे परत काढायचा नाही."

"नाही काढणार," वन्सं म्हणाल्या होत्या. त्यांनी शब्द दिला की दिला. म्हणूनच वहिनीला धास्ती होती. आज ही गाडी सुरू झाली नाही, तर वन्सं पुढची वीस वर्षं मिठाच्या बरण्या सरळ करत बसणार होत्या.

आज सकाळी नऊला दोघी गॅरेजात हजर झाल्या. किल्ली फिरवायला दुसरं माणूस लागतं आणि लांबू मिस्त्रीने आधीच सांगून टाकलं होतं, "मी या गाडीला दोन महिने दिलेत. आता माझा नमस्कार." म्हणून वहिनी. उभ्या जन्मात ती पुढच्या उजव्या सीटवर बसलेली नव्हती. तिने देवाचं नाव घेतलं, चप्पल काढली आणि आत बसली.

"चप्पल कशाला काढलीत, वहिनी?" लांबूने हाताची घडी घालत विचारलं. "देऊळ आहे होय?"

"दोन महिने तुम्ही हात जोडताय म्हणून म्हटलं, असेल," वहिनी म्हणाली. उस्तादाची एक भुवई वर गेली.

वन्संनी पहिला अर्धा तास गाडीला हातच लावला नाही. वहिनीला सेल्फ मारायला लावलं आणि नुसतं ऐकलं. मग एक प्लग काढून हुंगला. ओला होता, पेट्रोलचा वास आला. "पेट्रोल येतंय. म्हणजे पंप बदलला तो उगाच." तोच प्लग त्याच्या वायरला लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवला. "फिरव." वहिनीने फिरवलं. ठिणगी नाही. मग वन्संनी पिशवीतून कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा काढला, तेव्हा लांबू मोठ्याने हसला. त्या चिमट्यात त्यांनी ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलकडून टोपीच्या मध्यावर येणारी जाड वायर धरली, तिचं टोक लोखंडापासून बोटाच्या पेराएवढं दूर ठेवलं. "फिरव." ताडकन निळी ठिणगी उडाली, अगदी आवाज करून. लांबूचं हसणं थांबलं.

"ठिणगी टोपीपर्यंत येते," वन्सं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "टोपीतून बाहेर पडत नाही. मधे कोण आहे? टोपी आणि रोटर."

"दोन्ही नवीन आहेत," लांबू म्हणाला. "मीच घातलेत. तिथे बघायचं काही नाही."

"नवीन कुठून आणलेत?"

"घ्या! तुमच्याच हातून. नेहमीसारखं मागे न बघता काढून दिलंत."

वन्संनी टोपी उघडली, रोटर ओढून काढला आणि तळहातावर ठेवला. बराच वेळ ठेवला. वहिनीला वाटलं, त्या तोलून बघतायत. नंबर खोक्यावर असतो, रोटरच्या अंगावर नाही, आणि खोकं केव्हाच कचऱ्यात गेलं होतं. जळालेला जुना रोटरही लांबूने फेकून दिला होता. शेजारी ठेवून बघायला काहीच नव्हतं. सुट्या भागांचं दुकान शनिवारी बंद, आणि उघडं असतं तरी पुतण्यासमोर हात पसरायची वन्संची तयारी नव्हती. राहिला पुलापलीकडचा भंगारवाला. त्याच्याकडे याच जातीची एक चेपलेली गाडी पडलीय, असं उस्तादच बोलून गेला.

म्हणून हे चालणं, आणि पायातले गोळे.

भंगारवाला कुंपणाच्या आत एका काढून ठेवलेल्या सीटवर बसून रेडिओ ऐकत होता. त्याच्या पायाशी तीन कोंबड्या. वन्संना बघून तो उठून उभा राहिला.

"नंबरबाई! इथे कुठे? तुमच्यामुळे तर माझा धंदा बसला. लोक माझ्याकडे यायचं सोडून तुमच्याकडे नवीन घ्यायला जायचे."

"आता नाही जात. एक रोटर हवाय, तुमच्या त्या चेपलेल्या गाडीचा."

"मागे कोपऱ्यात आहे. स्वतः काढून घेणार असाल तर तुमचाच. आत कोंबडी बसली असेल, तिला हाकलू नका. अंडं द्यायचंय तिला."

गाडीचं बॉनेट नव्हतंच. वन्संनी दोन क्लिपा उघडून टोपी बाजूला केली, आतला रोटर उपटला, पदराच्या टोकाने पुसला. मग रुमालातला नवीन काढला. दोन्ही शेजारी शेजारी एका चाकाच्या पत्र्यावर उभे केले.

वहिनीला दोन्ही सारखेच दिसले. रंग तोच, उंची तीच, पितळेची पट्टी तशीच. मग वन्संनी नखाने दाखवलं. नव्याची पट्टी जुन्यापेक्षा तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी आखूड होती.

"एवढंच?" वहिनी म्हणाली.

"एवढ्यात ठिणगी पलीकडे पोचत नाही. उडी झेपत नाही तिला. ती मग दांड्यातून खाली पळते." वन्संचा आवाज सपाट होता. "हा जुन्या मॉडेलचा रोटर आहे. या गाडीचा नाहीच हा."

"म्हणजे सापडलं! वन्सं, सापडलं की हो!"

वन्सं एका टायरवर बसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच बसल्या.

"सकाळी हातात घेतला तेव्हाच हलका लागला होता, वहिनी. इथे येईपर्यंत म्हणत होते, नसेल."

वहिनीला आधी कळेना. मग हळूहळू उमगलं. लांबूने तो रोटर वन्संच्याच हातून घेतला होता, दुकानातल्या त्यांच्या शेवटच्या आठवड्यात.

परतीच्या वाटेवर वन्सं वहिनीच्या पुढे चालत राहिल्या. मग एकदम सुरू झाल्या. पुतण्याने खण हलवले होते. नवीन मॉडेलचे रोटर जिथे बावीस वर्षं असायचे, तिथे त्याने जुन्या मॉडेलचे ठेवले आणि प्रत्येक खणावर कागदाची पट्टी डकवली. "म्हणाला, मावशी, आता पट्टी वाचून द्यायचं. मला! मला म्हणाला, वाचून द्या. मी म्हटलं, तुझ्या पट्ट्या तुझ्यापाशी. आणि मुद्दाम मागे न बघता हात घालत राहिले. त्याने बघावं म्हणून. हात जिथे रोज जायचा तिथेच गेला, आणि खणात दुसरंच होतं."

"मग चूक त्याची. कशाला हलवले त्याने?"

"त्याने सांगितलं होतं, वहिनी. पट्टी लावली होती."

खणलेल्या मातीवरून वहिनीचा पाय घसरला, वन्संनी तिचा दंड धरला. तसाच धरून दोघी थोडं चालल्या. वहिनीच्या मनात विचारांचा गुंता झाला होता. गाडी सुरू होईल, पण उस्ताद विचारेल की चुकीचा रोटर आला कुठून. लांबू तर उघड म्हणेल की नंबरबाईंनीच दिला. जिच्या चुकीने गाडी दोन महिने उभी राहिली, तिलाच शोधाशोधीच्या कामावर कोण ठेवेल?

"वन्सं," ती शेवटी म्हणाली, "असं म्हटलं तर? नवीन होता, पण कारखान्यातूनच खराब आला. असतो कधीकधी माल खराब. कोण आखूड-लांब मोजत बसणार आहे? हा इथेच चरात टाकून द्यायचा."

वन्सं थांबल्या. "तू सांगतेस हे? रोज सकाळी अर्धा तास देवापुढे डोळे मिटून बसणारी?"

वहिनीचे कान गरम झाले. "तुमच्यासाठी म्हटलं हो. देवाला मी सांगितलं असतं समजावून."

त्यावर वन्संना हसू आलं. पण रुमालाची गाठ त्यांनी आणखी एक पीळ देऊन घट्ट केली आणि पिशवीत अगदी तळाशी ठेवली.

गॅरेजात पोचायला पाच वाजले. वन्संनी भंगारातला रोटर बसवला, टोपी लावली, क्लिपा दाबल्या. या वेळी वहिनीने चप्पल न काढताच किल्ली फिरवली.

खर्र, खर्र, खर्र. नाही.

पुन्हा. नाही.

लांबूने घसा खाकरला. "मी म्हटलं होतं. वायरिंग."

वहिनीने किल्ली हातात तशीच धरून ठेवली. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच क्षणी थांबली. मघाशी चरापाशी जे बोलून बसलो त्यानंतर कुठल्या तोंडाने मागायचं, असं तिला झालं. तेवढ्यात वन्संनी बॉनेटखालून डोकं काढलं. नाक आकसलेलं.

"वास येतोय. सकाळपासून आपण सेल्फ मारतोय, आत पेट्रोलच पेट्रोल झालंय. प्लग भिजून चिंब झालेत. हातातला तो पाना द्या, मिस्त्री."

लांबू जागचा हलला नाही. वन्संनी हात तसाच पसरून ठेवला. मग उस्तादाने स्वतः पाना उचलून त्यांच्या हातात दिला.

चारही प्लग निघाले. वन्संनी ते फडक्याने पुसले, ब्रशने घासले आणि दाराबाहेर उन्हात पत्र्यावर ओळीने मांडले. पाच वाजून वीस मिनिटं झाली. वहिनीने अॅक्सिलरेटर दाबून धरला आणि प्लगांशिवायच इंजिन फिरवलं, म्हणजे आत साठलेलं पेट्रोल उडून जाईल. पावणेसहाला उस्ताद शटरच्या साखळीशी जाऊन उभा राहिला. घाई कर असं तो म्हणाला नाही, नुसता उभा राहिला. प्लग परत बसले, एकेक करून, हाताने आधी फिरवत, मग पान्याने आवळत. वन्संची बोटं काळी झाली होती, पण एकदाही अडखळली नाहीत.

"आता मधे थांबायचं नाही, वहिनी. फिरवत राहायचं."

गाडी आधी शिंकली. मग खोकली. मग मागून काळा धूर सोडून अशी काही धडधडली की वहिनीने दचकून किल्लीच सोडली, आणि तरी ती चालूच राहिली. दोन महिन्यांची धूळ बॉनेटवर थरथरत होती.

"चालूय!" वहिनी ओरडली. "अहो, चालूय! आता बंद कशी करायची?"

उस्ताद साखळी सोडून जवळ आला. थोडा वेळ इंजिनाचा आवाज ऐकला, मग हात आत घालून किल्ली मागे फिरवली. एकदम शांत झालं.

"काय निघालं?"

वहिनी सीटवरून नणंदेकडे बघत राहिली. वन्संनी पिशवीच्या तळातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि रोटर उस्तादाच्या हातावर ठेवला.

"रोटर चुकीचा होता. जुन्या मॉडेलचा. पट्टी आखूड आहे."

"नवीन आहे हा."

"नवीन आहे, पण चुकीचा. मी दिलेला आहे."

लांबू पुढे झाला. "म्हणजे? दोन महिने मी डोकं फोडून घेतलं, ते यांच्यामुळे? कॉइल काय, पंप काय!"

"तू गप रे," उस्ताद म्हणाला. "तू तरी घालताना बघितलंस का? नवीन म्हटलं की झालं." मग तो वन्संकडे वळला. "आणि मी डॉक्टरांना सांगितलं, गाडीत जीव नाही. तोंडावर सांगितलं."

"पुतण्याने खण हलवले होते," वन्सं म्हणाल्या. "आमच्या दुकानात नवीन मॉडेलचे रोटर वरून चौथ्या..."

"मला पुतण्याचं काय सांगतेस? हात कुणाचा होता?"

वहिनीला वाटलं, आता यांना राग येईल आणि सगळं ओमफस होईल.

"माझा," त्या म्हणाल्या.

उस्तादाने दोन बोटांत रोटर धरून प्रकाशात फिरवला. मग आतून टेलिफोन आणून वन्संच्या पुढ्यात ठेवला आणि डॉक्टरांचा नंबर लावला. वन्संनी फोन कानाला लावला. उभ्या उभ्या, चार वाक्यांत त्यांनी सगळं सांगितलं. मी अमुक, मी चुकीचा भाग दिला होता, गाडी आज सुरू झाली आहे, ती भंगारात देऊ नका. मग डॉक्टर एवढ्या मोठ्याने बोलले की वहिनीलाही ऐकू गेलं.

"बाई, मीही एकदा एकाचा शेजारचा दात काढला होता. पण मी त्याला फोन केला नव्हता."

लांबू हसला, मग हसू आवरायला खोकला. उस्तादाने फोन ठेवला.

"असे किती गेले त्या खणातून?"

"याखेरीज दोन. एक बेकरीच्या व्हॅनसाठी. आणि एक टपालखात्यातून निवृत्त झालेले साहेब आहेत, पुलाअलीकडे राहतात, त्यांच्यासाठी."

"त्यांच्याही गाड्या उभ्या असणार, आणि कुणीतरी पंप बदलत बसलं असणार." उस्ताद शटरची साखळी ओढायला लागला. "सोमवारी ये. पण आधी ते दोन. बरोबरचे रोटर मी देतो. आणि इथे खोकं उघडायच्या आधी नंबर मोठ्याने वाचायचा. मला ऐकू आला पाहिजे, या लांबूलाही. चालेल?"

वन्संनी मान हलवली.

घरी जाताना दोघी सावकाश चालल्या. वन्संनी काळे झालेले हात अंगापासून दूर धरले होते, साडीला लागू नयेत म्हणून. बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाली, "उद्या मी येऊ का बरोबर, त्या दोघांकडे?"

"ये. पण त्याआधी एक काम कर." वन्सं थांबल्या. "मी बोलायला गेले ना, की आधी पुतण्याचं नाव तोंडात येतं. आत्ता उस्तादांसमोरसुद्धा आलंच की. मला नको असलं तरी येतं. तू मला दोन चिठ्ठ्या लिहून दे, वहिनी, एकेकाच्या हातात द्यायला. रोटर चुकीचा गेला, तो मी दिला, हा बरोबरचा घ्या. एवढंच लिही, खाली माझं नाव घाल. पुतण्या नको त्यात, खण नको, बावीस वर्षंही नकोत. आणि मी वाचताना म्हणाले, की हे एक वाक्य घाल, तर घालू नकोस."